सयामचा तोल आणि त्याची किंमत

थायलंड आणि कंबोडिया या आग्नेय आशियातील दोन शेजाऱ्यांमध्ये २०२५ या एकाच वर्षात दोनदा युद्ध पेटले. २४ जुलै रोजी डांगरेक डोंगररांगेतील एका प्राचीन मंदिराच्या परिसरात झालेल्या चकमकीचे पाहता पाहता लढाईत रूपांतर झाले. कंबोडियाच्या अग्निबाणांना थायलंडच्या एफ-१६ विमानांनी उत्तर दिले. पाच दिवसांत ४० हून अधिक माणसे मारली गेली आणि सुमारे ३ लाख लोकांना घरदार सोडावे लागले. मलेशियाच्या मध्यस्थीने २८ जुलैला शस्त्रसंधी झाली आणि २६ ऑक्टोबरला क्वालालंपूर येथे अमेरिकेच्या अध्यक्षांच्या साक्षीने तिच्यावर शिक्कामोर्तबही झाले. तरीही डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तोफा धडधडू लागल्या. २७ डिसेंबरच्या नव्या शस्त्रसंधीने त्या थांबल्या, तोवर विस्थापितांची संख्या ५ लाखांच्या पुढे गेली होती.

या संघर्षाची तात्कालिक कारणे, म्हणजे दोन्ही देशांतील सत्तास्पर्धा, लष्कराची प्रतिष्ठा, सीमेवरील भूसुरुंग, यांची चर्चा पुष्कळ झाली. परंतु वाद मुळात ज्या कागदांवरून आहे, ते कागद शंभर वर्षांहून जुने आहेत. कंबोडिया पुढे करतो ते नकाशे फ्रेंच अधिकाऱ्यांनी १९०७ च्या सुमारास २ लाखांस १ या प्रमाणात काढलेले. थायलंड बोट ठेवतो ते स्वतःच्या ५० हजारांस १ या प्रमाणातील नकाशांवर. फ्रेंच नकाशे ज्या करारांतून जन्माला आले, ते करार म्हणजे सयामच्या राजांनी युरोपीय सत्तांशी खेळलेल्या दीर्घ राजनैतिक डावाचे शेवटचे हप्ते होते. (सयाम हे थायलंडचे १९३९ पर्यंतचे नाव.) तो डाव समजून घेतल्याशिवाय या सीमेवर आजही रक्त का सांडते, याचा उलगडा होत नाही.

सयामविषयीची एक कथा सर्वपरिचित आहे. ब्रह्मदेश इंग्रजांनी गिळला, व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया फ्रेंचांनी, इंडोनेशियाची बेटे डचांनी, फिलिपिन्स आधी स्पेनने व मग अमेरिकेने. या सर्वांच्या मधोमध असलेला सयाम मात्र कोणाचीच वसाहत झाला नाही. वारा येईल तिकडे झुकणारा, पण मुळासकट न उपटला जाणारा बांबू, अशी उपमा थायी परराष्ट्रधोरणाला नेहमी दिली जाते. ही कथा खोटी नाही, अर्धी आहे. बांबू वाकला हे खरे. तो वाकला तेव्हा खाली कोण चिरडले गेले, हा कथेचा दुसरा अर्धा भाग आहे.

सयामचा युरोपशी पहिला राजनैतिक संबंध आला तो गोव्यातून पूर्वेकडे सरकणाऱ्या पोर्तुगीजांमुळे. १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर आफोन्सो द अल्बुकर्कने पुढच्याच वर्षी मलाक्का जिंकले आणि लगोलग दुआर्ते फर्नांडिस या दूताला सयामची राजधानी अयुथया येथे पाठवले. मलाक्कावर सयामचे राजे आपला हक्क सांगत. तेथे एका परक्या सत्तेने पाय रोवला असतानाही अयुथयाने दूताचा सत्कार केला आणि १५१६ मध्ये पोर्तुगीजांशी करार करून तोफा, बंदुका व भाडोत्री सैनिकांची वाट मोकळी केली. दूर असलेल्या बंदरावरील दाव्यापेक्षा ब्रह्मदेशाशी होणाऱ्या लढायांत उपयोगी पडणारी शस्त्रे अधिक मोलाची, हा हिशेब त्यामागे होता.

चाओ फ्राया नदीच्या बेटावर वसलेली अयुथया ही मुळातच अनेक राष्ट्रांची बाजारपेठ होती. चिनी, जपानी, मलय, इराणी, पोर्तुगीज अशा प्रत्येक जमातीची स्वतंत्र वस्ती होती. परराष्ट्रव्यवहार आणि राजाचा खजिना ही दोन्ही खाती 'फ्रा खलांग' या एकाच मंत्र्याकडे असत. कारण परकीयांशी संबंध याचा अर्थच मुळी व्यापार. चीनकडील व्यापार एका अधिकाऱ्याकडे, तर भारत व इराणकडील मुस्लीम व्यापाऱ्यांचा कारभार दुसऱ्याकडे असे. कोरोमंडल किनाऱ्यावरचे कापड मछलीपट्टणमहून बंगालचा उपसागर ओलांडून सयामच्या मर्ग्वी बंदरात उतरे. परकीयांना नोकरीत घेणे, त्यांना एकमेकांवर लक्ष ठेवायला लावणे आणि कोणा एकाच्या हाती सगळा माल जाऊ न देणे, ही या दरबाराची जुनी रीत होती.

डचांच्या बाबतीत तीच रीत वापरली गेली. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये स्थापन झाली आणि दोनच वर्षांत तिचे लोक अयुथयेला पोचले. पोर्तुगीजांना शह देण्यासाठी सयामने त्यांना जवळ केले. १६०८ मध्ये तर सयामचे दूत थेट हेग येथे प्रिन्स मॉरिस यांच्या दरबारात उभे राहिले. युरोपात पोचलेले सयामचे हे पहिलेच शिष्टमंडळ. १६१२ मध्ये इंग्रज कंपनीचे 'ग्लोब' हे जहाज पहिल्या जेम्स राजाचे पत्र घेऊन आले, त्यांचेही स्वागत झाले. परंतु इंग्रजांचा व्यापार जमला नाही आणि दहा-अकरा वर्षांत त्यांनी वखार बंद केली. डच राहिले, वाढले आणि हरणाच्या कातड्यांच्या जपानशी चालणाऱ्या किफायतशीर व्यापाराचे मालक होऊ पाहू लागले.

येथे या धोरणाचा पहिला दोष उघड झाला. दोन प्रतिस्पर्ध्यांपैकी एक निघून गेला, की उरलेला मित्र मालकासारखा वागू लागतो. १६६३ च्या अखेरीस डचांनी चाओ फ्रायाच्या मुखाशी जहाजे उभी करून सयामचा व्यापार रोखला. ऑगस्ट १६६४ मध्ये राजा नाराईला करार करावा लागला. त्यानुसार कातड्यांच्या निर्यातीचा मक्ता डचांना मिळाला आणि सयाममध्ये गुन्हा करणाऱ्या डच नोकराचा न्याय त्यांच्याच प्रमुखाने करावा, हे कलमही आले. आपल्या भूमीवरील परक्याला आपला कायदा लागू नाही, ही सवलत सयामने दिली ती अशी तोफेच्या धाकाने. दोनशे वर्षांनी हीच मागणी अधिक व्यापक रूपात पुन्हा त्याच्या दारात येणार होती.

डचांना तोल देणारा कोणी तरी हवा, म्हणून नाराईने फ्रान्सकडे पाहिले. फ्रेंच मिशनरी १६६२ पासून अयुथयेत होतेच. १६८० मध्ये निघालेले सयामचे पहिले शिष्टमंडळ जहाजासह समुद्रात बुडाले, तरी राजाने नाद सोडला नाही. १६८५ मध्ये शेव्हालिए द शोमाँ हा चौदाव्या लुईचा दूत अयुथयेला आला, तर १ सप्टेंबर १६८६ रोजी कोसा पान हा सयामचा दूत व्हर्सायच्या आरसेमहालात सोन्याच्या पत्र्यावर कोरलेले राजपत्र घेऊन लुईसमोर उभा राहिला. या साऱ्याचा सूत्रधार होता कॉन्स्टंटाइन फॉल्कन. सेफालोनिया बेटावरचा हा ग्रीक माणूस १६७५ मध्ये सयाममध्ये आला आणि काही वर्षांतच राजाचा सर्वांत विश्वासू सल्लागार झाला.

परंतु दोन्ही दरबार एकाच संबंधाचे दोन निरनिराळे अर्थ लावत होते. नाराईला हवा होता डचांना धाक बसेल असा दूरचा मित्र. लुईच्या दरबाराला हवा होता ख्रिस्ती होणारा आशियाई राजा, व्यापाराची मक्तेदारी आणि लष्करी ठाणी. धर्मांतराचा आग्रह झाला तेव्हा, देवाला जगात एकच धर्म हवा असता तर त्याने तसेच जग निर्माण केले असते, अशा आशयाचे उत्तर राजाने दिल्याचे फ्रेंच वृत्तांतच सांगतात. उत्तर चतुर होते. मात्र १६८७ मध्ये फ्रान्सचे पुढचे शिष्टमंडळ आले ते युद्धनौका आणि जनरल देफार्ज याच्या हाताखालचे सैन्य घेऊन. या सैन्याने बँकॉकचा किल्ला आणि मर्ग्वी बंदर ताब्यात घेतले. त्याच वर्षी मर्ग्वीतील इंग्रजांची कत्तल झाली आणि सयामने इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध युद्ध पुकारले. म्हणजे डचांचा धाक कमी करण्यासाठी मांडलेल्या डावात सयामने इंग्रजांशी शत्रुत्व ओढवून घेतले आणि फ्रेंचांना किल्ल्याच्या किल्ल्या दिल्या.

१६८८ मध्ये राजा आजारी पडताच गजदळाचा सेनापती फेट्राचा याने सत्ता हाती घेतली. ५ जून रोजी फॉल्कनचा शिरच्छेद झाला, जुलैत नाराई मरण पावला आणि बँकॉकच्या किल्ल्यात वेढलेल्या फ्रेंचांनी नोव्हेंबरमध्ये देश सोडला. हे सैन्य १६८९ च्या आरंभी जेथे पोचले, ते पुदुच्चेरी त्या वेळी जिंजीच्या मराठी राज्याच्या मुलखात होते. १६७७ च्या दक्षिण मोहिमेत शिवाजी महाराजांनी जिंजी घेतल्यापासून तेथील फ्रेंच वखार मराठ्यांच्या परवानगीने चालत होती. पुढे १६९३ मध्ये डचांनी तीही फ्रेंचांकडून हिसकावली. बंगालच्या उपसागराच्या दोन्ही काठांवर प्यादी निराळी होती. खेळाडू तेच होते.

१६८८ नंतर सयामने पाश्चात्त्यांना दारे बंद केली, असे सरसकट लिहिले जाते. ते खरे नाही. डचांशी करार त्याच वर्षी नव्याने झाला, काही मिशनरी राहिले, चीनशी व्यापार तर वाढतच गेला. बंद झाले ते एकच दार: परक्या सैन्याला किल्ल्यात घेण्याचे. प्रतिस्पर्धी बाहेर ठेवून त्यांच्यात तोल साधता येतो, एकाला शस्त्रांसह घरात घेतले की तोल संपतो, हा धडा सयामच्या दरबाराने लक्षात ठेवला. १७६७ मध्ये अयुथया बेचिराख झाली ती युरोपीयांच्या हातून नव्हे, तर ब्रह्मदेशाच्या सैन्याकडून. त्यानंतर बँकॉकला उभ्या राहिलेल्या नव्या राजवटीनेही हा धडा जपला.

एकोणिसाव्या शतकात मात्र समोरचा खेळाडू बदलला. व्यापारी कंपन्यांची जागा औद्योगिक साम्राज्यांनी घेतली. पहिल्या युद्धात ब्रह्मदेशाचा किनारा जिंकून १८२६ मध्ये इंग्रज सयामचे शेजारी झाले, अफूच्या युद्धात चीनची झालेली गत साऱ्या पूर्वेने पाहिली. १८५१ मध्ये गादीवर आलेला राजा मोंगकुट हा २७ वर्षे भिक्षू म्हणून राहिलेला, लॅटिन व इंग्रजी शिकलेला, खगोलशास्त्राचा व्यासंगी पुरुष. तोफा येण्याची वाट न पाहता त्याने १८ एप्रिल १८५५ रोजी हाँगकाँगचा गव्हर्नर सर जॉन बाऊरिंग याच्याशी करार केला. आयातीवर केवळ ३ टक्के जकात, राजाच्या मक्तेदाऱ्या रद्द, अफूला मुक्तद्वार आणि ब्रिटिश प्रजेचा न्याय ब्रिटिश वकिलाकडे, अशा त्याच्या अटी होत्या. पाठोपाठ अमेरिका, फ्रान्स आणि युरोपातील इतर देशांशी तसेच करार झाले. त्यात एक युक्तीही होती: सर्वांनाच सारखी सवलत दिली, की कोणा एकाचा विशेष हक्क उरत नाही. पण त्यासाठी स्वतःची जकात ठरवण्याचा आणि स्वतःच्या भूमीवर न्याय करण्याचा अधिकार सोडावा लागला. तो पूर्णपणे परत मिळायला १९३७ साल उजाडले.

याच काळात शेजारच्या ब्रह्मदेशाने अगदी हाच डाव खेळून पाहिला आणि तो हरला. त्याची साक्ष आजही रत्नागिरीत उभी आहे. राजा थिबाने इंग्रजांना शह देण्यासाठी १८८५ मध्ये फ्रान्सशी करार केला. त्याच वर्षी मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला सागवानाच्या व्यवहारात ठोठावलेल्या दंडाचे निमित्त झाले, इंग्रजांनी चढाई केली आणि नोव्हेंबर संपण्यापूर्वी मंडाले पडले. थिबा रत्नागिरीला आणला गेला आणि १९१६ मध्ये तेथेच मरण पावला. दोन शेजारी, एकच युक्ती, आणि निष्पत्ती मात्र उलट. याचे कारण राजांच्या हुशारीपेक्षा नकाशात अधिक आहे. ब्रह्मदेश हिंदुस्थानच्या सीमेला लागून होता. तेथे फ्रेंचांची सावलीही इंग्रजांना खपणारी नव्हती आणि फ्रेंचांना तेथवर हात पोचवणे अवघड होते. सयाम इंग्रजांचा ब्रह्मदेश व मलाया आणि फ्रेंचांचा हिंदी-चीन यांच्या बरोबर मध्ये होता. तो दोघांपैकी कोणालाही न मिळणे दोघांच्याही सोयीचे होते.

मोंगकुटला या स्थितीची जाण होती. कंबोडियावर फ्रान्सने १८६३ मध्ये संरक्षण लादले आणि १८६७ च्या करारात सयामला ते मान्य करावे लागले. त्या वेळी पॅरिसमधील आपल्या दूताला लिहिलेल्या पत्रात त्याने विचारले होते, की नदीत वर पोहत जाऊन मगरीशी दोस्ती करावी, की समुद्रात जाऊन देवमाशाला बिलगावे? आपल्यापाशी उपयोगाची शस्त्रे दोनच, तोंड आणि शहाणपण, असाही त्या पत्राचा भाव होता. त्याचा मुलगा चुलालोंगकोर्न याने देवमाशावर, म्हणजे इंग्लंडवर, भिस्त ठेवली.

तिचा कस लागला १८९३ मध्ये. मेकाँग नदीच्या डाव्या तीरावरील लाओ मुलखावरून फ्रान्सशी वाद चिघळला आणि १३ जुलै रोजी दोन फ्रेंच युद्धनौका पाकनामच्या किल्ल्यावरील तोफांचा मारा सोसत नदीत शिरून थेट बँकॉकला येऊन थांबल्या. फ्रान्सने निर्वाणीचा खलिता दिला, नाकेबंदी केली. सयामने लंडनकडे पाहिले. लंडनहून सल्ला आला, की फ्रान्सच्या मागण्या मान्य कराव्यात. ३ ऑक्टोबरच्या करारात मेकाँगचा डावा तीर गेला, उजव्या तीरावर २५ किलोमीटरचा पट्टा सैन्यमुक्त झाला, नुकसानभरपाई द्यावी लागली आणि चंथाबुरी फ्रेंचांच्या ताब्यात राहिले. आपल्या हितसंबंधांच्या पलीकडे कोणताही मित्र पाऊल टाकत नाही, हे इतक्या स्पष्टपणे बँकॉकला यापूर्वी कधी कळले नव्हते.

१५ जानेवारी १८९६ रोजी इंग्लंड आणि फ्रान्स यांनी परस्पर जाहीर केले, की चाओ फ्रायाच्या खोऱ्यात दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या संमतीविना सैन्य पाठवणार नाही. सयाम वाचला तो प्रामुख्याने या दस्तऐवजामुळे. आणि त्याबाबत सयामला कोणी विचारलेही नव्हते. शिवाय हमी होती ती केवळ मधल्या खोऱ्याची. पूर्वेकडील पठार आणि दक्षिणेकडील मलय द्वीपकल्प त्यातून वगळले होते. 'कोणाचीच वसाहत न झालेला देश' या अभिमानास्पद वाक्याच्या तळाशी दोन साम्राज्यांनी आपल्या सोयीने आखलेले हे रिंगण आहे.

अर्थात, सयामने स्वतः काही केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. केवळ मधले राज्य म्हणून कोणी आपल्याला राखील यावर विसंबू नये, असा इशारा युरोपातील सयामी राजपुत्र व अधिकाऱ्यांच्या एका गटाने १८८५ मध्येच राजाला लेखी दिला होता. संविधानाची त्यांची मागणी चुलालोंगकोर्नने मानली नाही. परंतु १८९२ पासून खात्यांची नवी रचना, प्रांतांचा थेट कारभार, रेल्वे, न्यायालये आणि टप्प्याटप्प्याने गुलामगिरीची समाप्ती हे सारे झपाट्याने झाले. 'रानटी कारभार' हे आक्रमणाचे निमित्त उरू नये, हा त्यामागचा एक हेतू. सल्लागार निवडतानाही जुनीच रीत नव्याने वापरली गेली. मुख्य सल्लागार आधी बेल्जियमचे रोलँ-जॅकमँ, नंतर अमेरिकेचे एडवर्ड स्ट्रोबेल. आरमारात डॅनिश, रेल्वेत जर्मन, अर्थखात्यात इंग्रज. ज्यांच्या देशाला सयाममध्ये मुलूख नको, अशांनाच नाजूक जागा दिल्या गेल्या. १८९७ मध्ये राजाने युरोपचा दौरा करून रशियाच्या झारसह सर्व दरबारांत बरोबरीच्या नात्याने हजेरी लावली. ही कामगिरी लहान नव्हती.

मात्र हिशेब चुकता करण्याची वेळ आली तेव्हा तो जमिनीने चुकवला गेला. १३ फेब्रुवारी १९०४ च्या करारान्वये मेकाँगच्या उजव्या तीरावरील लाओ मुलूख फ्रान्सला देऊन चंथाबुरी सोडवले गेले. २३ मार्च १९०७ च्या करारान्वये बट्टमबाँग, सिसोफोन आणि अंगकोरच्या मंदिरांसह सिएम रीप देऊन त्रात व दान साय परत घेतले आणि फ्रान्सच्या आशियाई प्रजेवर सयामी न्यायालयांचा अधिकार मिळवला. १० मार्च १९०९ रोजी इंग्लंडला केदाह, पर्लिस, केलांतन व तेरेंगानू ही चार मलय राज्ये दिली. बदल्यात ब्रिटिश प्रजेवरील न्यायाधिकार वाढला आणि दक्षिणेकडील रेल्वेसाठी ४० लाख पौंडांचे कर्ज मिळाले. परिघावरचा मुलूख द्यायचा आणि गाभ्यावरील सार्वभौमत्व विकत घ्यायचे, असा हा सौदा होता.

या सौद्यात ज्यांची अदलाबदल झाली, ते लाओ, ख्मेर आणि मलय लोक होते. त्यांचे मत कोणी विचारले नाही. जुन्या व्यवस्थेत ही छोटी राज्ये एकाच वेळी दोन-दोन सम्राटांना नजराणे पाठवत आणि त्या फटीत आपली स्वायत्तता टिकवत. कंबोडिया सयाम व व्हिएतनाम या दोघांकडे पाहत असे. थायी इतिहासकार थोंगचाय विनिचाकुल यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की नकाशावरची एकच रेघ हा विचार सयामने युरोपीयांकडून घेतला आणि तो याच राज्यांवर लादण्यासाठी फ्रेंचांशी स्पर्धाही केली. सयाम केवळ लांडग्यांपुढचे कोकरू नव्हता. तोही एक छोटा साम्राज्यवादी होता. विकत घेणाऱ्याला क्षमा करीन, पण विकणाऱ्याला नाही, असे केदाहचा सुलतान १९०९ नंतर म्हणाल्याचे सांगतात. त्या रेघेच्या उत्तरेला सयामकडे राहिलेल्या पत्तानीच्या मलय मुस्लीम भागात २००४ पासून भडकलेल्या बंडाळीत ७ हजारांहून अधिक बळी गेले आहेत.

आणि पूर्वेच्या रेघेवर प्रेह विहिअरचे शिवमंदिर आहे. १९०४ च्या करारात सीमा डांगरेक रांगेच्या जलविभाजक रेषेने जाईल असे ठरले. त्या रेषेने पाहिले तर मंदिर सयामकडे येते. परंतु पॅरिसला छापलेल्या नकाशात ते कंबोडियात दाखवले गेले. १९०८ मध्ये हे नकाशे बँकॉकला मिळाले. सयामने आक्षेप घेतला नाही, उलट आणखी प्रती मागितल्या. १९३० मध्ये राजपुत्र दामरोंग मंदिर पाहायला गेले तेव्हा फ्रेंच अधिकाऱ्याने तेथे फ्रान्सचा ध्वज लावून त्यांचे स्वागत केले. तेव्हाही निषेध झाला नाही. निषेध केला असता तर फ्रेंचांना आणखी मुलूख मागायला निमित्त मिळाले असते, असे पुढे थायी बाजूने सांगितले गेले. परंतु आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १५ जून १९६२ रोजी ९ विरुद्ध ३ मतांनी निकाल देताना हे मौन म्हणजेच संमती मानली. २०१३ मध्ये न्यायालयाने मंदिराचा कडाही कंबोडियाचाच असल्याचे स्पष्ट केले. १९०८ मध्ये ज्या मौनाने राज्य राखले, त्याच मौनाने १९६२ मध्ये मंदिर घालवले. सयामी मुत्सद्देगिरीचे बळ आणि तिची मर्यादा या एका प्रसंगात एकवटली आहे.

त्या मौनाचा सल दडून राहिला नाही. १९३० च्या दशकापासून 'गमावलेल्या मुलखां'चे नकाशे थायी शाळांतून शिकवले गेले. १९४१ मध्ये जपानच्या पाठबळावर यांतील काही मुलूख परत घेतला गेला आणि युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये परत द्यावा लागला. राजनयाचे यश म्हणून ज्या तहांचे कौतुक परराष्ट्रखात्यात होते, तेच तह शाळेच्या वर्गात अपमान म्हणून शिकवले गेले. हा दुटप्पीपणा सत्तेवर येणाऱ्या प्रत्येकाच्या सोयीचा असतो. २०२५ मध्ये कंबोडियाचे ज्येष्ठ नेते हुन सेन यांच्याशी झालेले एक दूरध्वनी संभाषण फुटले आणि त्यातील मवाळ सुरामुळे थायलंडच्या पंतप्रधान पैतोंगतार्न शिनावात्रा यांना ऑगस्टमध्ये पद गमवावे लागले. सीमेबाबत नमते बोलणे हा बँकॉकमध्ये राजकीय गुन्हा ठरतो, तो या शिकवणीमुळे.

२०२५ च्या घटनांत आणखी एक विरोधाभास दिसतो. दुबळ्याने बलवानांना एकमेकांसमोर उभे करण्याची सयामची जुनी कला या खेपेस कंबोडियाने वापरली. ज्या रीम नाविक तळाच्या विस्ताराला चीनने पैसा पुरवला, तो असलेल्या या देशाने त्याच वर्षी अमेरिकेच्या अध्यक्षांचे नाव नोबेल शांतता पुरस्कारासाठी सुचवले आणि सीमावाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याचा आग्रह धरला. थायलंडची भाषा मात्र द्विपक्षीय चर्चेची होती. कारण द्विपक्षीय चर्चेत मोठ्याचे वजन अधिक पडते. १८९३ मध्ये फ्रान्सलाही सयामशी बोलताना तिसरा कोणी नको होता.

जुलैच्या शस्त्रसंधीच्या वेळी अमेरिका व चीन या दोघांचेही प्रतिनिधी हजर होते. अमेरिकेने आयातशुल्काच्या वाटाघाटी थांबवण्याची धमकी दिली होती. शस्त्रसंधीनंतर काही दिवसांतच दोन्ही देशांवरील प्रस्तावित शुल्क १९ टक्क्यांवर आणले गेले. बाहेरच्या सत्तेच्या दडपणाने तोफा थांबतात, हे जुलैत दिसले. नुसत्या दडपणाने सीमा ठरत नाही, हे डिसेंबरने दाखवले. १८९६ मध्ये सयामला मिळालेली हमी टिकली, कारण ती इंग्लंड व फ्रान्स या दोघांच्याही कायम हिताची होती. क्वालालंपूरच्या जाहीरनाम्यामागे असे टिकाऊ हित कोणाचे होते, हा प्रश्न त्या समारंभाच्या दिवशी फारसा कोणी विचारला नाही.

सयामच्या इतिहासातून छोट्या राष्ट्रांनी घ्यावयाचा बोध म्हणूनच 'वाऱ्याबरोबर वाका' इतका सोपा नाही. प्रतिस्पर्ध्यांमधला तोल हा वेळ विकत घेण्याचा मार्ग आहे. त्या वेळात घर सुधारले तरच त्याचा उपयोग होतो, हे चुलालोंगकोर्नने सिद्ध केले. परंतु तो वेळ कोणाच्या खात्यातून खर्च झाला, याची नोंद राष्ट्राने प्रामाणिकपणे ठेवली नाही, तर पुढच्या पिढ्या ते देणे अपमान म्हणून वसूल करायला निघतात. डांगरेकच्या दोन्ही उतारांवरील जी कुटुंबे २०२५ मध्ये दोनदा घर सोडून छावण्यांत राहिली, त्यांच्यापैकी कोणाच्याही पणजोबाला १९०७ च्या करारावर सही करायला बोलावले नव्हते. नवा करार जेव्हा केव्हा होईल, तेव्हा टेबलावर नकाशांबरोबर या माणसांनाही जागा मिळते की नाही, यावरच तो आधीच्या करारांपेक्षा वेगळा ठरेल.